निळ्या पिंपाचे कुलूप

“सातवं गेलं!”

मुंगी हे मोठ्याने म्हणाली खरी. पण सहा मजल्यांच्या त्या इमारतीच्या गच्चीवर ते ऐकायला पाण्याच्या टाक्या, कपडे वाळत घालायच्या तारा आणि अकरा कुंड्या यांखेरीज कोणीही नव्हते. सातवे म्हणजे वांग्याचे रोप. काल संध्याकाळी त्याने मान टाकली म्हणून तिने त्याला दोन मग पाणी जास्त घातले होते. आज सकाळी त्याची पाने कडांनी करपून कागदासारखी चुरचुरत होती. तिने मातीत बोट खुपसून पाहिले. माती ओली होती! तहानेने मरावे तसे ते रोप मेले होते, आणि उभे होते चिखलात. याचा अर्थ कसा लावायचा, हे तिला कळेना.

तिचे वय अकरा. सतत काहीतरी ओढून नेताना दिसते म्हणून बाबा तिला मुंगी म्हणत. बाबांना नव्या छापखान्यात काम मिळाले आणि परीक्षा संपताच ती दोघे या इमारतीत राहायला आली. आई दूरच्या शहरात रुग्णालयात परिचारिका होती, आणि तिथला तिचा करार संपायला अजून सात महिने होते. बाबा सकाळी आठला जात आणि रात्री आठला येत. मधले बारा तास मुंगीचे एकटीचे. जुन्या शाळेतल्या मैत्रिणी जुन्या गावात राहिल्या. नवी शाळा उघडायला अख्खी सुट्टी जायची होती.

आई रोज संध्याकाळी सातला फोन करी. पहिल्या आठवड्यात ते बोलणे असे होई:

“जेवलीस का गं दुपारी?”

“हो.”

“काय केलंस दिवसभर?”

“काही नाही.”

मग फोन संपे. त्यांचे एकमेकींवर प्रेम कमी होते, असे कोणी समजू नये. बोलायला विषय नव्हता, एवढेच. आणि विषयावाचून नुसते प्रेम फोनवरून पाठवता येत नाही.

तो विषय मुंगीला गच्चीवर सापडला. आधीच्या भाडेकरूंनी अकरा रिकाम्या कुंड्या तिथेच टाकून दिल्या होत्या. तिने रोपवाटिकेतून माती, शेणखत आणि नारळाचा भुसा आणला, सारखे तीन वाटे करून कालवला आणि पालक पेरला. पालक चार दिवसांत उन्हाने जळाला. रोपवाटिकेतला माळी कपाळावर हात मारून म्हणाला, “अगं बाई, या उन्हात पालक? भेंडी लाव, गवार लाव, चवळी लाव, वांगी लाव! त्यांना ऊन मानवतं. मातीवर वाळक्या पानांचं पांघरूण घाल आणि पाणी सकाळी लवकर दे.” तिने तसेच केले. त्या दिवसापासून आईचे फोन लांबू लागले. “चवळीला दुसरं पान आलं का?” “भेंडीवर किडे नाहीत ना?” “पान खालून बघितलंस का?” एकदा तर आईची बस चुकली!

आणि आता रोपे एकामागून एक मरत होती. मुंगी आईला रोज सांगे, “सगळी छान आहेत.” पहिल्यांदा हे खोटे बोलताना ती अडखळली होती. आता ती अडखळत नव्हती, आणि त्याचेच तिला अधिक वाईट वाटे.

“काय गेलं? कुठे गेलं? चोरीला गेलं का?”

गच्चीच्या दारात दोघे उभे होते. मुलगा साधारण बारा वर्षांचा. जाड चष्मा, आणि गळ्यात दोरीने अडकवलेले भिंग. मुलगी नऊ-एक वर्षांची. प्रश्न तिचेच होते आणि ते अजून संपले नव्हते. “तू इथे एकटीच असतेस का? ही झाडं तुझी का? मेली का? का मेली?”

“घंटी, श्वास घे!” मुलगा म्हणाला. “आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीकडे आलोय सुट्टीला. ती शिवणकाम करते ना, ती. हिला सगळे घंटी म्हणतात. का, ते तुला कळलंच असेल.”

“आणि याला भिंग! एकदा यानं स्वतःचा पाय दोन तास भिंगातून बघितला होता!”

“काटा होता.”

“नव्हता! तीळ होता!”

मुंगीला हसू आले. कित्येक दिवसांत आपण हसलो नव्हतो, हे हसल्यावर तिच्या ध्यानात आले.

भिंग गुडघ्यांवर बसला आणि त्याने मेलेल्या वांग्याच्या कुंडीतली वाळकी पाने बाजूला सारली. “हे पांढरं काय आहे?” मातीच्या वरच्या थराला आणि कुंडीच्या काठाला पांढरी पापडी धरली होती.

“बुरशी असेल,” मुंगी म्हणाली. “माझ्या हाताला गुणच नाही. जेवढं जपते तेवढी लवकर मरतात. ज्याला पाणी जास्त घातलं ते आधी गेलं.”

भिंगाने मान वर केली. “हे तू आत्ता काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

“ज्याला पाणी जास्त, ते आधी गेलं.”

“आणि पाणी कुठलं घालतेस?”

तिने बोट दाखवले. टाक्यांशेजारच्या बंद खोलीच्या भिंतीतून एक पांढरी नळी बाहेर आली होती आणि झाकणाच्या भोकातून एका निळ्या पिंपात उतरली होती. पिंपावर ठसठशीत अक्षरांत रंगवले होते: ‘झाडांसाठी. नासाडी करू नये.’

“ते पाणी कुठून येतं?” भिंगाने विचारले.

“ते विचारायचं तुमचं काम नाही!” हा आवाज दारातून आला. इमारतीचे सचिवकाका काखेत वही मारून उभे होते. ते एका मोठ्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले होते, आणि आपल्या सहीवाचून कोणतीही गोष्ट खऱ्या अर्थाने घडत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. “गच्चीच्या नळाचं पाणी झाडांना घालायचं नाही, पिंपातलंच घालायचं, या अटीवर मी एक महिन्याची परवानगी दिली. रविवारी महिना संपतो. सकाळी दहाला सभा आहे. बाग दिसली तर बाग राहील. नाहीतर कुंड्या खाली, गच्ची साफ!”

“काका, पाण्यात काहीतरी गडबड आहे,” भिंग म्हणाला.

“पाणी ते पाणी! त्याला काय चेहरा असतो? पोरीला पाणी किती घालावं कळत नाही, आणि दोष पिंपाला! उगाच माझ्या डोक्याला ताप!”

ते गेले. पायऱ्यांवरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात ऐकू येईनासा झाला.

“त्यांना चेहरा दाखवू या,” भिंग म्हणाला. “पाण्याचा!”

घंटीने मावशीकडून स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या पळवल्या. (“मागून आणल्या,” असे तिचे म्हणणे, मावशीचे म्हणणे वेगळे होते.) एकीत पिण्याच्या नळाचे एक वाटी पाणी, दुसरीत पिंपातले एक वाटी. दोन्ही ताटल्या कठड्याशी उन्हात ठेवल्या. मुंगीने धूळ पडू नये म्हणून त्यांवर आईची जुनी मलमलची ओढणी ताणून बांधली.

“चाखून बघू का थोडंसं?” घंटीने विचारले.

“अजिबात नाही!” दोघे एकदम ओरडले.

“बरं बाई! मी मेलेच असं ओरडताय!”

ऊन रोपांना जाचत होते, पण या कामात ते मित्र ठरले. मंगळवारी दुपारी दोन्ही ताटल्या कोरड्या झाल्या. पहिलीत धुरकट पांढरा डाग राहिला होता. बोटाने पुसला की जाणारा. दुसरीत चांगला जाड थर होता, कडेला ओलसर आणि मध्ये दाणेदार. भिंगाने भिंग डोळ्याला लावले आणि तो इतका वेळ बघत राहिला की घंटीला सहन होईना.

“काय दिसतंय? साप दिसतोय का?”

“चौकोनी दाणे,” तो हळूच म्हणाला. “सगळे चौकोनी. शाळेत बाईंनी दाखवले होते तसेच. मुंगी, तू महिनाभर झाडांना मिठाचं पाणी घालतेयस!”

मुंगीने मेलेल्या वांग्याच्या ओल्या मातीकडे पाहिले. खारट माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना पिऊ देत नाही, हे भिंगाने तिला समजावून सांगितले. म्हणूनच ओल्या मातीत रोपे तहानेने मेली होती. तिने मान टाकलेल्या प्रत्येक रोपाला मायेने आणखी दोन मग घातले होते. “म्हणजे मीच मारलं त्यांना,” ती म्हणाली.

“मिठानं मारलं,” घंटी म्हणाली. तिच्या मानाने हे वाक्य फारच लहान होते.

उरलेल्या चार कुंड्या वाचवायला हव्या होत्या. गच्चीच्या नळाला हात लावायला बंदी. पण घरातल्या पाण्याबद्दल नियमात अवाक्षर नव्हते. मग मावशीच्या स्वयंपाकघरात भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी बाटल्यांत भरून तिघे जिने चढू लागले. कुंडीच्या तळातून धार लागेपर्यंत पाणी ओतायचे, म्हणजे मातीतले मीठ धुऊन निघेल, ही युक्ती मुंगीने रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारून आणली. बुधवारी सकाळपर्यंत प्रत्येकाच्या चोवीस फेऱ्या झाल्या. घंटीच्या मते तिच्या सव्वीस.

मात्र सचिवकाकांना ताटली दाखवली तेव्हा भलतेच घडले.

“मीठ?” त्यांच्या भुवया वर गेल्या. “मग ते तुमच्यापैकीच कुणीतरी टाकलं! हिची रोपं जगत नाहीत, म्हणून नाटक!”

मुंगीचा चेहरा उतरला. पण भिंग शांतपणे म्हणाला, “काका, तुमचा संशय योग्य आहे. कुणीतरी टाकत असणारच. म्हणून आमची लेखी विनंती आहे.” आणि त्याने कागद पुढे केला. पिंप रिकामे करून धुवावे, सचिवांनी स्वहस्ते त्याला कुलूप लावावे, किल्ली स्वतःपाशी ठेवावी, आणि रविवारच्या सभेत सर्वांदेखत उघडावे. खाली तीन सह्या होत्या. घंटीची सही सर्वांत मोठी होती.

लेखी विनंती! सचिवकाकांनी कागद दोनदा वाचला, एक काना दुरुस्त केला आणि त्यांचा आवाज बदलला. “अर्ज व्यवस्थित आहे. मंजूर.” त्यांनी पिंप धुववून घेतले, झाकणाच्या कडीला पितळी कुलूप घातले, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली, सहीखाली तारीख घातली आणि किल्ली खिशात टाकून खिशावर दोनदा थाप मारली.

गुरुवारी दुपारी तिघे पाण्याच्या बाटल्या घेऊन जिना चढत असताना त्यांच्या पुढे पंपवाले काका धापा टाकत चालले होते. आठवड्यातून दोनदा येऊन गच्चीवरच्या बंद खोलीतले यंत्र चालवणे, हे त्यांचे काम. आज त्यांच्या खांद्यावर एक गोणी होती, आणि गोणीच्या फाटक्या कोपऱ्यातून पायरीपायरीवर काहीतरी पांढरे सांडत होते. भिंगाने एक खडा उचलला आणि भिंगाखाली धरला.

“काका,” मुंगीने विचारले, “एवढं मीठ कशाला?”

“यंत्राला लागतं गं,” ते गोणी टेकवत म्हणाले. “विहिरीचं पाणी जड ना आपलं! बादल्यांना पांढरे थर धरतात, साबणाला फेस येत नाही. हे यंत्र त्या पाण्यातला जडपणा धरून ठेवतं. मग यंत्रच भरतं, आणि मिठाच्या पाण्यानं त्याला धुवावं लागतं. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आहे, घाबरू नका.”

“आणि धुतलेलं पाणी जातं कुठे?”

“कुठे म्हणजे? गटारात! भिंतीपलीकडे नळी गेलीय.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. भिंतीपलीकडे ती नळी कुठे जात होती, हे त्यांना ठाऊक होते. थोड्या वेळाने पंपवाल्या काकांनी आत कळ फिरवली, आणि बाहेर कुलूपबंद पिंपात खळखळ सुरू झाली.

“धावा! सचिवकाकांना सांगू!” घंटी निघालीच.

भिंगाने तिची वेणी धरली. “थांब! आपण सांगितलं तर ते म्हणतील, ‘कशावरून?’ किल्ली त्यांच्या खिशात आहे. त्यांचं त्यांनाच सापडू दे.”

“तीन दिवस गप्प बसायचं?” घंटी हबकली. “मी?”

ती बसली. त्या सुट्टीतले सर्वांत मोठे धाडस तेच होते, याविषयी नंतर कोणाचेही दुमत झाले नाही.

रविवारी दहाला गच्चीवर माणसे जमली. कोणी छत्री घेऊन, कोणी टाकीच्या सावलीत. मुलांनी पंपवाल्या काकांनाही बोलावून आणले होते. बाबांची सुट्टी होती. ते मुंगीच्या मागे उभे राहिले. शुक्रवारी आणखी एक रोप गेले होते. अकरांपैकी तीनच कुंड्यांत हिरवे काही होते: एक चवळी, दोन भेंड्या. सचिवकाकांनी कुंड्यांकडे पाहिले, वहीकडे पाहिले. “अकरात तीन,” ते म्हणाले. “याला बाग म्हणता येणार नाही.”

मुंगी चवळीच्या कुंडीशी जाऊन उभी राहिली. सातला फोन येईल तेव्हा आईला काय सांगायचे? ‘काही नाही’?

“काका, आधी पिंप!” भिंगाने आठवण केली. “अर्ज मंजूर आहे.”

सचिवकाकांनी पट्टीवरची सही तपासली. सही अखंड होती. त्यांनी कुलूप काढले, झाकण उचलले. पिंप अर्धे भरले होते. मुंगीने वाटीभर पाणी घेऊन पंपवाल्या काकांपुढे धरले. “तुम्हीच ओळखा, काका. हे तुमच्या यंत्राचं पाणी आहे का?”

त्यांनी नळीकडे पाहिले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. “थू! हे तर यंत्र धुतलेलं पाणी! ही नळी इथे कुणी वळवली? माझ्या बाजूनं तर ती भिंतीत जाते, पलीकडचं मला काय दिसणार?”

सचिवकाकांचा हात हळूहळू खिशातल्या किल्लीवर गेला. दर तीन दिवसांनी एवढे पाणी गटारात जाते, हे त्यांना पाहवले नव्हते. गेल्या महिन्यात प्लंबर आणून त्यांनी स्वतःच नळी पिंपात वळवली होती, पिंपही स्वतःच रंगवले होते. पाण्यात काय आहे, हे तेवढे विचारायचे राहिले होते.

आता ते रागावणार, असे सर्वांना वाटले. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य केली पाहिजे: आपल्या सहीशी ते कधी बेइमान झाले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि लिहीत असतानाच मोठ्याने वाचले: “रोपे मेली, त्यास पिंपातील खारट पाणी कारण. नळी वळवण्याची चूक सचिवांची. कुंड्या राहतील. गच्चीच्या नळाचे पाणी वापरण्यास परवानगी. मुदत नाही.” सही करून त्यांनी वही मिटली. “पोरांनो, मी छत्तीस वर्षं कागद तपासले. असा बिनतोड तपास पाहिला नाही. आणि मुंगे, तुझ्यावर खोटा आळ घेतला. चुकलो.”

मावशीने तिघांना जवळ घेतले. (“माझ्या ताटल्या तेवढ्या परत करा!”) पंपवाल्या काकांनी नळी त्याच दिवशी गटाराकडे वळवली. “इतकी वर्षं यंत्र चालवतोय,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पण पाणी पुढे कुठे जातं, हे या लेकरांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं!” बाबांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुपारी चारला भिंग आणि घंटी यांना न्यायला गाडी आली. त्यांची सुट्टी इथे संपली होती. उरलेले दिवस ते आपल्या सख्ख्या काकांकडे घालवणार होते. भिंगाने हात हलवला. घंटी खिडकीतून ओरडत होती. काय, ते गाडीच्या आवाजात कळले नाही. कोपऱ्यावर गाडी वळली आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला.

मुंगी गच्चीवर परत आली. भिंतीला तिने तिघांच्या बाटल्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. आता एकटीनेच पाणी घालायचे. तिने तीन हिरव्या कुंड्यांना पाणी घातले, मग रिकाम्या आठांनाही घातले, कारण त्यांची माती अजून धुऊन निघायची होती. टाकीत पाणी पडत होते. बाकी शांतता होती.

सातला फोन वाजला.

“कशी आहेत गं झाडं?”

“आठ मेली,” मुंगी म्हणाली.

“कधी?”

“महिनाभर मरतच होती. मी तुला खोटं सांगत होते.” आणि मग तिने सुरुवातीपासून सगळे सांगितले: पांढरी पापडी, ताटल्या, चौकोनी दाणे, गोणी, कुलूप. आई मध्ये “अगंबाई!” म्हणाली आणि दोनदा हसली. बाबांनी दारातून जेवणाची पानं घेतल्याची खूण केली. मुंगीने थांबा अशी खूण केली.

“मग आता?” आईने विचारले.

“आठवडाभर नुसतं पाणी. मग पुन्हा चवळी.”

“आणि तुझे ते दोघं?”

“गेले आज.”

आई म्हणाली, “ऐक ना. माझ्या वसतिगृहाच्या खोलीला एक खिडकी आहे. सकाळचं ऊन येतं. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे माझ्याकडे. त्यात काय लावता येईल? मला काहीसुद्धा येत नाही यातलं. तू सांग.”

मुंगी ताठ बसली. “मिरची लाव. पण आधी डबा उलटा कर. तळाला भोकं पाडायला हवीत, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. खिळा आहे का?”

“आहे. हातोडी नाही. बत्ता चालेल?”

“चालेल. पाच भोकं पाड. फोन ठेवू नकोस, बाजूला ठेव.”

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मुंगीने फोन कानाशी घट्ट धरला. दूरच्या शहरातल्या एका खोलीत खिळ्यावर पहिला ठोका पडला. मग दुसरा.

“गेला का आरपार?” तिने मोठ्याने विचारले.

“नाही अजून!”

“मग जोरात मार, आई!”